चिंबोरीचा मुका

"आमच्या वेळी गेममध्ये बाण नसायचा," हे वाक्य मी भाच्याला तो चौथीत असल्यापासून ऐकवत आलो आहे. बाण म्हणजे पडद्यावर तरंगणारी ती खूण. इकडे वळ, याच्याशी बोल, ती पेटी उचल. "आम्हाला कुणी बोट धरून नेलं नाही, आम्ही विचारत विचारत गेलो." भाचा आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजसाठी आमच्याकडेच, नवीन पनवेलला राहतो. मला मामा म्हणतो आणि अधूनमधून बनवतोही. महाशिवरात्रीच्या दिवशी साबुदाणा खिचडीची दुसरी वाटी घेता घेता त्याने दहा वर्षांत पहिल्यांदा उलटा प्रश्न केला.

"मामा, कुठला गेम होता रे तो?"

"मोरोविंड," मी म्हटलं. "एल्डर स्क्रोल्सचा तिसरा भाग. २००२." ज्या आवाजात लोक सवाईच्या एखाद्या जुन्या पहाटेबद्दल बोलतात, तो आवाज लावला होता.

"आणि तू तो पूर्ण खेळलास?"

"पूर्ण म्हणजे तसा तो कधी पूर्ण होत नाही."

वाचकांपासून काय लपवायचं? २००३ साली आमच्या घरी जो कॉम्प्युटर होता तो ओळखीच्या मुलाने सुटे भाग जोडून दिलेला. मोरोविंडला ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं. आमच्याकडे कार्डाच्या जागी वडिलांचं "आधी परीक्षा" हे वाक्य बसवलेलं होतं. मित्राने दिलेली सीडी घातली. जहाजाच्या तळाशी एक काळसर कातडीचा, चेहऱ्यावर वार असलेला इसम आपल्याला उठवतो आणि नाव विचारतो. मी नाव टाइप केलं. पडदा काळा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याने नाव विचारलं, पुन्हा काळा. असं चार वेळा. म्हणजे मोरोविंडमधलं माझं एकूण कर्तृत्व म्हणजे त्या गृहस्थाला आपलं नाव सांगणं. बाकीचा गेम मी त्याच मित्राच्या खांद्यावरून दोन-तीन दुपारी पाहिला आणि त्या भांडवलावर वीस-बावीस वर्षं बाणाविरुद्ध भाषणं केली.

भाच्याने हे सगळं माझ्या चेहऱ्यावरूनच वाचलं असावं. तो म्हणाला, "पैज लावू. आता खेळून दाखव. इंटरनेट नाही, व्हिडिओ नाही, कुणाला विचारायचं नाही. गेममधल्या माणसांना विचार हवं तेवढं. सुरुवातीलाच एक पेटी आणायचं काम आहे, तिथे भलेभले अडकतात म्हणे. पाडव्यापर्यंत ती पेटी आण. हरेल त्याने महिनाभर रात्रीची भांडी." मग जरा दया येऊन, "नाहीतर सोड ना मामा. पुण्याच्या पोरांनी २०२० मध्ये 'राजी' काढलाय, तो खेळ. त्यात निदान दुर्गा आहे, विष्णू आहे, कोणीतरी सांभाळून घेईल."

माझा स्वाभिमान दुखावला. त्याच संध्याकाळी स्टीमवरून गेम घेतला. पडला दोघांच्या मिसळीपेक्षा स्वस्त. नव्या लॅपटॉपवर तो नीट चालावा म्हणून हौशी लोकांनी 'ओपन एमडब्ल्यू' नावाचं नवं इंजिन लिहून फुकट वाटलं आहे, ते भाच्यानेच बसवून दिलं. फाशी देणारा आधी शेवटची इच्छा विचारतो, तसं.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे मराठीत सोंग घेण्याचा खेळ. सोंग कुठलं घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. मोरोविंडमध्ये हे ठरतं एका सरकारी कचेरीत. तुम्ही सुटलेले कैदी. बोटीतून उतरवून तुम्हाला सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या गावात जनगणना आणि अबकारी खात्याच्या कचेरीत उभं करतात. टेबलामागे एक म्हातारा कारकून. राक्षस नाही, तलवार नाही, आधी फॉर्म. मला तर गेममध्ये नव्हे, तहसील कचेरीत आल्यासारखं वाटलं आणि तिथल्या सवयीने मी विचार न करता भराभर खुणा करत सुटलो. मुख्य कौशल्यं निवडली वक्तृत्व, व्यापार आणि किमया. ज्याला बायकोसमोर एक वाक्य पूर्ण करता येत नाही आणि जो भाजीवाल्याला सुट्टे मागताना लाजतो, त्याचं सोंग नाहीतर आणखी काय असणार?

मग रास. गेममध्ये तेरा राशी आहेत. त्यात अश्व म्हणून एक आहे, तिने चालण्याचा वेग वाढतो. शहाण्याने ती घ्यावी, कारण या गेममध्ये सुरुवातीला माणूस टपाल खात्याच्या वेगाने चालतो. मी घेतली 'प्रेमी'. नेमकी त्याच वेळी बायको मागून चहा घेऊन आली.

"काय निवडलंस?"

"चपळाई वाढते त्याने."

"हो का," एवढंच म्हणाली. चहात साखर नव्हती.

आता चिंबोरीचा प्रसंग. गावाबाहेर पडून पाण्याच्या कडेने पन्नास पावलं गेलो तर समोर मडक्रॅब. मडक्रॅब म्हणजे आपली चिंबोरीच, फक्त परातीएवढी. माझ्या हातात कचेरीतून उचललेली सुरी. मी धावत गेलो आणि वार केला. सुरी तिच्या पाठीतून आरपार गेलेली मला या डोळ्यांनी दिसली. लागली नाही. दुसरा वार, तिसरा वार, सगळे आरपार, सगळे हवेत. २००२च्या या गेमची ही खोड आहे. तुम्हाला दिसतं ते खरं नसतं. गेम मनातल्या मनात फासा टाकतो आणि सुरी चालवण्याची तुमची तयारी, चपळाई, नशीब आणि अंगातला दम यांची गोळाबेरीज करून ठरवतो की लागलं की नाही. तयारी माझी शून्याच्या शेजारची. नशीब तुम्ही पाहताच आहात. आणि दम मी धावत येऊन आधीच संपवला होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. त्यात दमाचं नाव घालून घ्या.

चिंबोरी मात्र फासा बघत नव्हती. रक्ताची लाल पट्टी निम्म्यावर आली तेव्हा मला आठवलं, प्रेमी राशीला एक खास शक्ती असते. तिचं नावच मुळी प्रेमिकेचं चुंबन. समोरचा मिनिटभर लुळा पडतो. बदल्यात स्वतःचा दम जातो, हे पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. चाळिशीच्या चष्म्यातून मी तेवढं वाचलं नाही आणि चिंबोरीचा मुका घेतला.

ती जागच्या जागी थिजली. मीही दम संपून धाडकन तोंडावर पडलो. मोरोविंडच्या त्या किनाऱ्यावर, नारिंगी संध्याकाळी, आम्ही दोघं शेजारी शेजारी पडून होतो. मागे अत्यंत सुंदर संगीत वाजत होतं. जेरेमी सोल या माणसाने ते दिलंय आणि ते आजही जसंच्या तसं टिकून आहे, हे मला त्या अवस्थेतही जाणवलं. दहा-बारा सेकंदांनी मी आधी उठलो. ती अजून थिजलेलीच. न हलणाऱ्या चिंबोरीवर मी सुरीने सात वार केले आणि सातही चुकवले. मिनिट संपलं. ती हलली. मग मी मेलो.

बायको उरणची. तिने हा सगळा प्रकार दारातून पाहिला होता. "बाजारात नांग्या बांधून मिळतात," ती म्हणाली, "हव्या असतील तर."

पुढचे दोन दिवस मी चिंबोऱ्या टाळत रस्त्याने चाललो. तिसऱ्या दिवशी आभाळातून किंकाळी आली आणि एक मांत्रिक माझ्यासमोर धप्पकन पडून मेला. त्याच्या अंगावर तीन गुंडाळ्या आणि एक वही सापडली. गुंडाळी वाचली की उडी मारायची ताकद हजारने वाढते, सात सेकंदांपुरती. सुज्ञ माणसाने समोर पडलेलं प्रेत आणि हातातली गुंडाळी यांचा संबंध जोडला असता. पण पनवेलकर सध्या हवेत आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला आमच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून आम्ही वर बघूनच चालतो. गुंडाळी वाचली, उडी मारली. गाव, दलदल, डोंगर, सगळं पायाखालून सरकत गेलं. गेममधला आतापर्यंतचा सर्वात आनंदाचा क्षण. आठव्या सेकंदाला ताकद संपली, उंची मात्र शिल्लक होती.

शेवटी बाल्मोरा नावाच्या गावाला गेलो ते तिथल्या एसटीने. एसटी म्हणजे दुमजली इमारतीपेक्षा उंच, लांब काटक्यांसारख्या पायांचा एक किडा. त्याची पाठ पोखरून आत बसायची जागा केलेली असते. स्टँड उंचावर, भाडं रोख. कचेरीतून निघताना हातात ठेवलेलं सीलबंद पाकीट बाल्मोरात ज्याला द्यायचं तो बादशहाचा मोठा हेर. पत्ता विचारत पोचलो तर एका खोलीचं घर, एक खाट, आणि समोर उघडाबंब म्हातारा. साम्राज्याचा हेरप्रमुख आणि अंगात सदरा नाही. परदेशी खेळाडूंना म्हणे हे फार विनोदी वाटतं. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. त्याने पाकीट घेतलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि सांगितलं की तू अजून कच्चा आहेस. थोडे पैसे दिले आणि एका विद्वानाकडे पाठवलं. विद्वान म्हणाला, माहिती देतो, आधी अमक्या अवशेषांतून एक पेटी आणून दे.

या गेममध्ये काय टिकलंय आणि काय नाही, हे मला इथे कळलं. मारामारी टिकली नाही. चेहरे भाजलेल्या वांग्यासारखे आहेत. डोंगरात पंखवाले सरडे डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडतात आणि एकाला मारेपर्यंत दोन येतात. त्यांच्यापुढे वडाळे तलावाकाठचे संध्याकाळचे डास सभ्य वाटतात. पण पत्ता सांगण्याची तऱ्हा! तो विद्वान नकाशावर खूण करत नाही, बोलतो. गावाच्या दक्षिणेला बाहेर पड, पूल ओलांड, पाटी दिसली की उत्तरेला, आणि लगेच पूर्वेला जुन्या चढणीच्या रस्त्याला लाग, किल्ला मागे टाक, पुढे मोठ्या घळीवर जुना पूल आहे, त्याच्या पलीकडे. दार उघडत नसेल तर जवळच्या नळावरची मूठ फिरव. हे सगळं तुमच्या वहीत उतरतं आणि पुढे तुमचं तुम्ही बघा. २००६ला पुढचा भाग आला त्यात बाण आला. २०११च्या 'स्कायरिम'मध्ये तर माणूस रस्ता बघतच नाही, बाणच बघतो. इथे प्रत्येक दगड बघावा लागतो. जाता जाता कुणी परका म्हणून हिणवतं, कुणी भलतीच गोष्ट सांगतं, आणि काही काही पत्ते तर चक्क चुकीचे आहेत. गोष्टीतल्या महत्त्वाच्या माणसाला तुम्ही मूर्खपणाने मारलंत तर गेम अडवत नाही. शांतपणे कळवतो की आता या जगाचं काही खरं नाही, हवं तर जुन्या सेव्हवर परत जा, नाहीतर राहा असेच. इतक्या आदराने मला अलीकडे कुठल्याच यंत्राने वागवलेलं नाही.

मी 'लगेच' हा शब्द वाचला नाही. पाटीपाशी उत्तरेला वळलो आणि तसाच चालत राहिलो, दोन रात्री. भलत्याच गावी पोचलो, तिथल्या खाणीत मार खाल्ला, परत आलो. पाडव्याला पाच दिवस उरले असताना अवशेष सापडले. मूठ फिरवून आत शिरलो आणि चार रात्री त्या अंधाऱ्या पितळी दालनांत पेटी शोधली. प्रत्येक कोपरा, प्रत्येक मडकं. दरोडेखोरांनी मला मारलं, मीही शेवटी त्यातल्या दोघांना मारलं. (वक्तृत्वाने नव्हे. ते माझ्यामागे धावता धावता पायऱ्यांवर अडकले.) पेटी नाही.

पाडव्याच्या आदल्या रात्री बायको गुढीसाठी कळशी घासून खोलीत आली, माझ्यामागे उभी राहिली आणि तीन सेकंदांत म्हणाली, "ती काय, फळीवर."

"कुठे?"

"डोळ्यांसमोर. मधल्या फळीवर, मागे. चौकोनी डबी." होती. आगपेटीएवढी, मातकट, फळीच्या रंगाची. मी तिच्यासमोरून निदान वीस वेळा गेलो असेन. "फ्रिजमधली चटणी तुला आजवर कधी सापडलीय, म्हणून ही सापडणार होती?"

भाच्याने निकाल दिला : बाहेरची मदत. मी म्हटलं, मामी काय इंटरनेट आहे का? तो म्हणाला, त्याहून फास्ट आहे. पाडव्याच्या श्रीखंडाची भांडी मी घासली.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पुढचं जे झालं ते त्या भांड्यांमुळे. रात्री कानात बोंडं खुपसून गाणी ऐकत कढई घासत असताना मोबाईल खिशातून निसटला आणि साबणाच्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात गेला. रीतीप्रमाणे आम्ही त्याला तांदळाच्या डब्यात पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच लँडलाइनवर पुण्याहून आत्याचा फोन. लँडलाइन आमच्याकडे केवळ आत्यासाठी आहे.

"तुझ्याकडे परवा कुरिअरने पाकीट पाठवलंय, आलं ना? ते भाऊंकडे पोचवायचं. उघडू नकोस."

पाकिटात आत्याच्या नातीची आणि एका मुलाची, अशा दोन पत्रिका होत्या. भाऊ म्हणजे आत्याचे थोरले दीर, वय ऐंशीच्या पुढे, जुन्या पनवेलात राहतात. मोबाईल वापरत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रिकेतले ग्रह त्यांना मान्य नाहीत, कागद लागतो.

"पत्ता काय?"

"अरे, पत्ता काय विचारतोस, पनवेलकर ना तू? टपाल नाक्याला उतर, लाईन आळीच्या अंगाने ये, गिरण होती तिच्या अलीकडच्या बोळात. भाऊंचं घर म्हणून कुणीही सांगेल."

मी पाकीट खिशात घातलं. भाचा दारात उभा होता. "मामा, माझा मोबाईल देऊ?"

"आमच्या वेळी," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

पनवेलला नगरपालिका आली १८५२ साली. महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ला. मधल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जुन्या पनवेलच्या एकाही माणसाने घराचा नंबर पाठ केलेला नाही. स्टेशनच्या पूर्वेला आमचं नवीन पनवेल, सिडकोने आखलेलं. सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग, अमुक नंबर. ते बाणाचं गाव. रुळांच्या पश्चिमेला उतरलं की वहीचं गाव सुरू होतं, तिथे पत्ता सांगतात तो आता नसलेल्या गोष्टींवरून. रिक्षातून टपाल नाक्यावर उतरलो. पहिल्या दुकानदाराला विचारलं, "गिरण होती ती कुठे?"

"कुठली? पिठाची का भाताची?"

मला माहीत नव्हतं. आत्याने सांगितलं असेल, मी तेव्हा चपला शोधत होतो. "पिठाची," मी ठोकून दिलं. त्याने हात लांब करून दाखवलं. पंधरा मिनिटं त्या हाताच्या दिशेने चाललो. दुसऱ्याने सांगितलं, गिरण नव्हे, तिथे लाकडाची वखार होती. तिसरे आजोबा पायरीवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, "नवीन पनवेलचे का?" ज्या सुरात बाल्मोरातले लोक 'परका' म्हणतात त्याच सुरात. मी हो म्हटलं. "दिसतंय," ते म्हणाले आणि चष्मा खाली घेतला.

ऊन चढलं. सदरा पाठीला चिकटला. मी भराभर चालत होतो, म्हणजे दम आधीच गेलेला. एका बोळात शिरलो तर तो कोळणीच्या पाट्यांपाशी उघडला. पाटीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या. त्यातली एक माझ्याकडे बघत होती असं मी शपथेवर सांगू शकतो. कोळीणबाई म्हणाल्या, "काय देऊ, दादा?" मी मागच्या मागे फिरलो.

चौथ्यांदा त्याच पायरीशी आलो तेव्हा त्या आजोबांनी पेपरची घडी घातली. "तुम्हाला सांगणाऱ्याने काय शब्द वापरले? नीट आठवा. पलीकडच्या बोळात की अलीकडच्या?"

"अलीकडच्या."

"मग मघापासून गिरणीच्या पलीकडे काय करताय?" त्यांनी उठून चार पावलं माझ्याबरोबर येऊन बोट दाखवलं. बोळ त्यांच्याच पायरीला लागून होता. मी त्याच्यासमोरून निदान चार वेळा गेलो होतो.

लाकडी जिना, वर एक खोली, खिडकीशी खाट. खाटेवर भाऊ, कमरेला पंचा, वर काही नाही. मी दारात क्षणभर थबकलो. त्यांनी हात पुढे केला, मी पाकीट दिलं. त्यांनी दोन्ही पत्रिका उजेडात धरल्या, ओठ हलवले, मला काहीही कळणार नाही अशा आकड्यांवर नखाने खुणा केल्या. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घामाघूम झालास. केवढ्या लांबून आलास असा?"

"नवीन पनवेल."

"हं. रास कोणती तुझी?"

तोंडातून प्रेमी निसटत होतं. "कन्या," मी म्हटलं.

"वाटलंच." त्यांनी तांब्यातून पाणी दिलं, एका पत्रिकेच्या मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आणि कागदाची चौघडी करून माझ्या हातात ठेवली. "मुलाच्या पत्रिकेत एक शंका आहे. गुरुजींना दाखवायला हवी. आलाच आहेस तर तेवढं पोचवून ये."

"कुठे राहतात गुरुजी?"

"इथून खाली उतरलास की डावीकडे."

मी मान डोलावली, जिन्याच्या तीन पायऱ्या उतरलो. मग आठवण झाली आणि परत वर गेलो. "भाऊ, एक पेन्सिल आणि कागद मिळेल?"

मिळाला. लिहायला बसलो.

"डावीकडे," ते पुन्हा म्हणाले. "म्हणजे जाताना नाही. येताना डावीकडे."